मराठवाड्यातून हिमशिखरांकडे: उंच पर्वतांच्या छायाचित्रणाची तयारी आणि पद्धत

आठ हजार मीटरांहून उंच अशी जगातील चौदाही शिखरे हिमालय आणि काराकोरम या लगतच्या दोन पर्वतरांगांत आहेत, आणि त्यांपैकी काही तर गाडीरस्ता पोहोचलेल्या गावांतूनही दिसतात. नांदेड, परभणी, लातूर, बीड, जालना या भागांतून दरवर्षी कितीतरी लोक चारधाम, दार्जिलिंग, नेपाळ किंवा लडाखला जातात. सोबत चांगला कॅमेरा असतो, कधी हवाही साथ देते, आणि तरीही घरी येऊन फोटो पाहिले की डोळ्यांत न मावणारे ते शिखर क्षितिजावरची एक पांढरी रेघ होऊन बसलेले असते. यात दोष कॅमेऱ्याचा नसतो. शिखराची उंची फोटोत आपोआप उतरत नाही; ती अंतर, प्रमाण आणि प्रकाशाची दिशा या तीन गोष्टींतून घडवावी लागते. या तिन्हींचा बराचसा विचार निघण्यापूर्वी, आपल्याच गावात बसून करता येतो, आणि म्हणूनच हा लेख मराठवाड्यातल्या वाचकासाठी घरापासून सुरू होतो.

हंगाम आणि प्रवास

आपल्याकडे लांबच्या सहलीचा काळ म्हणजे मे महिना. शाळांना सुटी असते, उन्हाचा तडाखा असह्य होतो आणि थंड हवेच्या ठिकाणी जावेसे वाटते. हिमशिखरांच्या छायाचित्रणासाठी मात्र नेमका हाच काळ फार अडचणीचा आहे. मार्चनंतर उत्तरेच्या मैदानावरची धूळ हवेत वर चढते, एप्रिल-मे महिन्यांत उत्तराखंडच्या जंगलांत लागणाऱ्या वणव्यांचा धूर दऱ्यांमध्ये साचतो, आणि मग शिखरे समोर असूनही दिवसचे दिवस दिसत नाहीत. या काळात जावेच लागले तर पावसाची सर येऊन गेल्यानंतरची पहाट हाती लागते का ते पाहावे, कारण पावसाने हवा धुतली जाते आणि काही तास दृश्य स्वच्छ राहते. बुरांशची (हिमालयातल्या ऱ्होडोडेंड्रॉनची) लाल फुले फोटोच्या पुढच्या भागात हवी असतील तर मार्च-एप्रिलला पर्याय नाही. तेव्हा धूसर हवा गृहीत धरूनच जावे.

सर्वांत भरवशाचा काळ म्हणजे मान्सून परतल्यानंतरचा, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंतचा. दिवाळीची सुटी बहुधा याच काळात येते, त्यामुळे नोकरदार आणि शिक्षक मंडळींनी मे महिन्याचा हट्ट सोडून दिवाळीचा बेत करावा, असे मी आग्रहाने सांगेन. डिसेंबर-जानेवारीत हवा आणखी पारदर्शक होते, पण थंडी कडक असते आणि उंचावरचे काही रस्ते बर्फाने बंद होतात. लडाखचे गणित वेगळे आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत राहणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको: हिमालयाने अडवलेले पावसाळी ढग लडाखपर्यंत फारसे पोहोचत नाहीत, म्हणून तिथे जून ते सप्टेंबर हाच हंगाम असतो.

नांदेडहून परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर मार्गे जाणारी सचखंड एक्सप्रेस दिल्लीला पोहोचवते. तिथून उत्तराखंडच्या कुमाऊँ भागासाठी काठगोदामपर्यंत आणि दार्जिलिंग-सिक्कीमसाठी न्यू जलपाईगुडीपर्यंत रेल्वेने जाता येते. प्रवासाचा आराखडा करताना एक नियम कटाक्षाने पाळावा: पाच ठिकाणी एकेक रात्र काढण्यापेक्षा दोन ठिकाणी तीन-तीन रात्री राहावे. ढगांमुळे एक पहाट वाया जाणे अगदी नेहमीचे आहे, आणि दुसऱ्या पहाटेसाठी तुम्ही तिथे असायला हवे.

शिखर कोणत्या दिशेला आहे आणि सूर्य कुठून उगवतो

पर्यटक एखाद्या ठिकाणाबद्दल ‘तिथून शिखर दिसते का’ एवढेच विचारतो. छायाचित्रकाराने त्यापुढे जाऊन विचारायचे असते, की त्या शिखरावर कोणत्या वेळी, कोणत्या बाजूने ऊन पडते. या प्रश्नाचे उत्तर कागदावर काढता येते.

गूगल अर्थवर आपण उभे राहणार ते ठिकाण आणि शिखर यांना जोडणारी रेषा काढावी आणि ती उत्तरेपासून किती अंशांवर आहे ते टिपून ठेवावे. मग फोटोपिल्ससारख्या अ‍ॅपमध्ये आपल्या तारखेला सूर्य किती अंशांवर उगवतो आणि मावळतो ते पाहावे. आपली नजर शिखराकडे असताना सूर्य जवळपास पाठीमागे असेल तर शिखरावर समोरून ऊन पडते. रंग छान येतो, पण उठाव कमी होतो. सूर्य नजरेच्या रेषेशी साधारण काटकोनात असेल तर प्रकाश बाजूने येतो आणि प्रत्येक कडा, घळ आणि हिमनदीची वळी सावलीमुळे स्पष्ट होते. सूर्य शिखराच्याच दिशेला असेल तर हाती फक्त काळी आकृती लागते.

कुमाऊँमधल्या कौसानीचे उदाहरण तपशिलाने पाहू. तिथून त्रिशूळ (७,१२० मीटर) उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकलेले दिसते. नंदादेवी (७,८१६ मीटर) त्याच्या उजवीकडे, उत्तर-ईशान्येला आहे. आणि पंचाचुलीची रांग आणखी उजवीकडे, पूर्वेच्या जवळ येते. डिसेंबरमध्ये या भागात सूर्य पूर्वेपासून सुमारे २७ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, म्हणजे त्रिशूळ आणि नंदादेवीकडे पाहताना तो आपल्या उजव्या हाताला, जवळपास काटकोनात असतो. याहून चांगला बाजूचा प्रकाश मागूनही मिळणार नाही. जूनमध्ये सूर्य तितकाच उत्तरेकडे सरकतो आणि थेट पंचाचुलीच्या आसपास उगवतो. त्यामुळे ढग नसले तरी उजवीकडची शिखरे काळवंडलेली दिसतात. मुनस्यारीहून हीच पंचाचुली ईशान्येला येते, म्हणून तिथे पहाटेपेक्षा संध्याकाळ महत्त्वाची: मावळता सूर्य पाठीमागे असतो आणि पाचही शिखरे समोरून उजळतात.

एव्हरेस्टच्या बाबतीत तर ही चूक फार लोक करतात. काला पत्थर हे नेपाळमधले सर्वांत प्रसिद्ध दर्शनस्थळ, तिथून एव्हरेस्ट (८,८४८.८६ मीटर) जवळपास थेट पूर्वेला आहे. गोठवणाऱ्या पहाटे धापा टाकत वर पोहोचले तरी सूर्य शिखरामागेच असतो. रंगीत एव्हरेस्ट हवे असेल तर दुपारी चढायला सुरुवात करून सूर्यास्तापर्यंत वर थांबावे लागते आणि उतरताना हेडलॅम्प, वाटाड्या आणि गरम कपडे यांची तयारी असावी लागते. याउलट पश्चिम बंगालमधल्या संदकफू (३,६३६ मीटर) या ठिकाणी पहाटच हवी. तिथून कांचनजंगा (८,५८६ मीटर) उत्तरेला, तर एव्हरेस्ट, ल्होत्से आणि मकालू वायव्येला दिसतात. पहिल्या किरणांचा प्रकाश कांचनजंगावर बाजूने आणि एव्हरेस्टवर समोरून पडतो. एव्हरेस्ट तिथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असल्यामुळे जवळचे मकालू त्याहून मोठे भासते. फोटोखाली नाव लिहिताना अनेकांची गफलत होते ती इथेच. नेपाळमधल्या पून हिलवरून (३,२१० मीटर) धौलागिरी वायव्येला आणि ‘अन्नपूर्णा साउथ’ हे शिखर ईशान्येला येते, त्यामुळे सकाळी आधी धौलागिरीकडे कॅमेरा वळवावा.

वेळेबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दिवाळीच्या सुमारास दार्जिलिंगला सूर्य छत्रपती संभाजीनगरपेक्षा सुमारे पाऊण तास आधी उगवतो. इथल्या सवयीने गजर लावला तर सगळे आटोपलेले असते. शिवाय अ‍ॅपमधली सूर्योदयाची वेळ सपाट क्षितिजासाठी असते. सात-आठ हजार मीटर उंचीच्या शिखराला मात्र पृथ्वीच्या गोलाईपलीकडचा सूर्य आधी दिसतो, आणि त्या वेळेच्या सुमारे दहा-बारा मिनिटे आधीच शिखराचे टोक रंगू लागते. म्हणून सूर्योदयाच्या किमान पाऊण तास आधी कॅमेरा ट्रायपॉडवर चढलेला असावा.

लेन्सची निवड आणि देवगिरीचा सराव

डोंगर प्रचंड आहे म्हणून रुंद कोनाची लेन्स लावायची, ही समजूत फोटोतले शिखर लहान होण्याचे मुख्य कारण आहे. थोडा हिशेब करून पाहू. कौसानीहून त्रिशूळ सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटर दूर आहे आणि आपल्या पातळीपासून सव्वापाच किलोमीटर वर उठते. म्हणजे पायथ्यापासून सगळे दिसते असे धरले तरी ते आपल्या डोळ्याशी जेमतेम साडेपाच अंशांचा कोन करते. फुल-फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स आडवी धरली तर ती उभ्या दिशेने सुमारे ५३ अंश टिपते. त्रिशूळ त्या चौकटीच्या दहाव्या हिश्शात मावते. २०० मिलिमीटरला हाच कोन सुमारे सात अंशांवर येतो आणि शिखर चौकटीचा पाऊण भाग व्यापते. म्हणून एकच लेन्स नेता येत असेल तर ७०-२०० किंवा ७०-३०० मिलिमीटरची न्यावी. दुसरी २४-७० च्या आसपासची असावी, जवळचे गाव, तळे, झाडे आणि आकाशासाठी. अतिरुंद लेन्स सर्वांत शेवटी, तीही जागा उरली तर.

मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. मुख्य कॅमेऱ्याचा कोन साधारण २४ मिलिमीटरइतका रुंद असतो, त्यामुळे ज्या फोनमध्ये तीन किंवा पाच पट जवळ आणणारी स्वतंत्र लेन्स आहे तीच वापरावी, आणि बोटांनी पडदा ताणून डिजिटल झूम करू नये.

याचा सराव मराठवाड्यातच करता येतो आणि त्यासाठी देवगिरी किल्ल्याइतकी योग्य जागा नाही. किल्ल्याचा शंकूसारखा डोंगर सपाटीपासून सुमारे २०० मीटर उठतो. सपाटीवर त्याच्यापासून दोन किलोमीटरवर उभे राहिले तर तो साडेपाच-पावणेसहा अंशांचा कोन करतो, म्हणजे कौसानीहून त्रिशूळ जेवढे दिसते, जवळपास तेवढाच. तिथून आधी रुंद आणि मग लांब पल्ल्याच्या लेन्सने फोटो काढून घरी शेजारीशेजारी ठेवावेत. नंतर पाचशे मीटरवर जाऊन तोच डोंगर रुंद लेन्सने टिपावा. जवळून काढलेल्या फोटोत पुढचे झाड आणि तटबंदी मोठी होते आणि डोंगर मागे रेलतो. दूरून काढलेल्यात पुढची शेते, घरे आणि किल्ला एकमेकांवर चढत जातात आणि डोंगराचे खरे प्रमाण कळते. जालन्याहून आलेली माझी एक विद्यार्थिनी पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ सकाळी हा सराव करून नंतर कुमाऊँला गेली. तिच्या फोटोंत नंदादेवीखाली पायऱ्यांची शेते आणि पत्र्याचे एक छप्पर आहे, आणि त्या छपरामुळे शिखर किती वर आहे ते पाहणाऱ्याला एका नजरेत समजते.

प्रमाण दाखवणारी वस्तू ही अशीच ओळखीची असावी: घर, खेचरांचा तांडा, देवदारांची रांग, मठाचा कळस. ती चौकटीत लहान असावी आणि शिखरापासून स्पष्ट वेगळी दिसावी. दऱ्यांमध्ये धुके असेल तर एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या निळ्या रांगा आणि त्यांच्या वर शिखर, अशी मांडणी करावी. हवेतला तो फिकेपणाच अंतर सांगतो. बालाघाटच्या पठाराच्या कडेवरून किंवा अजिंठ्याच्या घाटात श्रावण-भाद्रपदातल्या सकाळी अशा रांगा पाहायला मिळतात आणि तो सराव वाया जात नाही.

सामान

ट्रायपॉड हलका असला तरी वाऱ्यात थरथरणारा नसावा. मधल्या दांड्याला पाठपिशवी लटकवली की तो स्थिरावतो. थंडीत लिथियम बॅटरीची क्षमता तात्पुरती घटते, म्हणून किमान तीन बॅटऱ्या न्याव्यात आणि वापरात नसलेल्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात. संपली असे वाटलेली बॅटरी उबेत ठेवल्यावर पुन्हा काही फोटो देते. आत पातळ आणि वर जाड असे हातमोज्यांचे दोन जोड, लेन्स पुसण्याचे दोन कापड, दोन मेमरी कार्डे, लाल प्रकाशाची सोय असलेला हेडलॅम्प आणि बर्फावरच्या तीव्र अतिनील किरणांसाठी चांगला काळा चश्मा बरोबर असावा.

पोलरायझर फिल्टर (चमक कमी करून आकाश गडद करणारी, फिरवता येणारी काच) न्यावा, पण जपून वापरावा. उंचावर आकाश मुळातच गडद असते, आणि सूर्यापासून काटकोनात पोलरायझरचा परिणाम सर्वाधिक होत असल्यामुळे कौसानीच्या बाजूच्या प्रकाशातच तो आकाश काळेकुट्ट करून टाकतो. रुंद लेन्सवर तर आकाशाचा एक पट्टा काळा आणि दुसरा फिका होतो. फिल्टर पूर्ण न फिरवता अर्ध्यावर थांबवावा.

शरीराची तयारी

मराठवाड्यातली बहुतेक गावे समुद्रसपाटीपासून साडेतीनशे ते साडेसहाशे मीटरांच्या दरम्यान आहेत. इथून निघून विमानाने थेट लेहला (सुमारे ३,५०० मीटर) उतरणाऱ्याच्या शरीराला अचानक दोन-तृतीयांश दाबाच्या हवेत काम करावे लागते. साडेपाच हजार मीटरवर हा दाब जवळपास निम्म्यावर येतो. लेहमध्ये पहिले दोन दिवस विश्रांतीचेच समजावेत, फोटोचा मोह कितीही झाला तरी. पायी चढताना ३,००० मीटरांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरांपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे दिसली तर वर जाऊ नये. बसल्याजागी धाप लागणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही जिवावर बेतणारी लक्षणे असून त्यांवर उपाय एकच, तो म्हणजे त्याच क्षणी खाली उतरणे. अ‍ॅसिटाझोलामाइडसारखे उंचीच्या त्रासावरचे औषध निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी तर तपासणी केल्याशिवाय बेत पक्का करू नये. छायाचित्रकाराला धोका थोडा जास्त असतो, कारण तो भल्या पहाटे, उपाशीपोटी, वजन घेऊन चढतो आणि मग तासभर थंडीत निश्चल उभा राहतो.

बर्फाचे एक्स्पोजर: कापसाच्या ढिगावरचा धडा

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. चौकट पांढऱ्याने भरली की तो ते पांढरेही करडे करून दाखवतो. हिमशिखरांचे मळकट, राखाडी फोटो यातूनच येतात. उपाय म्हणजे एक्स्पोजर काँपेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमीजास्त करण्याची सोय) एक ते दोन स्टॉप वाढवणे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), पण नेमके किती, हे पुस्तकात वाचून हाताला कळत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्या भागातल्या कोणत्याही जिनिंगच्या आवारात, मालकांची परवानगी घेऊन, सकाळी आठच्या उन्हात कापसाच्या ढिगासमोर उभे राहावे. ऊन एका बाजूने पडत असेल अशी जागा घ्यावी आणि चौकट कापसानेच भरावी. शून्य, अधिक एक, अधिक दीड आणि अधिक दोन अशा चार मापांवर एकेक फोटो काढून प्रत्येकाचा हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख) पाहावा. शून्यावर आलेख मध्यभागी बसतो आणि कापूस ओल्या राखेच्या रंगाचा दिसतो. अधिक एकवर तो उजवीकडे सरकतो आणि कापूस पांढरा होतो, तरी बोंडातला तंतू न् तंतू दिसत राहतो. अधिक दोनवर उन्हाकडच्या कडेचे तंतू नाहीसे होऊन तिथे कोरा पांढरा डाग उरतो. तो डाग सुरू होण्याच्या जराशी आधीची जागा आपल्याला ओळखता आली पाहिजे. बर्फावरही तीच शोधायची असते. ज्यांना जिनिंग सोयीचे नाही त्यांनी पहाटे बीबी का मकबऱ्यासमोर हाच प्रयोग करावा.

प्रत्यक्ष हिमालयात मी मॅन्युअल पद्धत सुचवेन. भर उन्हातल्या बर्फासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचे माप) एफ/८ आणि शटर १/८०० सेकंदाच्या आसपास सुरुवात करावी आणि हिस्टोग्राम पाहून बदल करावा. अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११ च्या दरम्यान ठेवावे. एफ/१६ च्या पुढे गेल्यास प्रकाशाच्या विवर्तनाने बारीक तपशील मऊ पडतो आणि दूरच्या शिखरांना फोकसच्या तेवढ्या खोलीची गरजही नसते. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्यावी. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) ‘डेलाइट’वर कायम ठेवावा, कारण ऑटोवर कॅमेरा पहाटेचा गुलाबी रंग ‘दुरुस्त’ करून टाकतो. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) शिखराची कड मोठी करून हाताने लावावा. लेन्स अनंताच्या टोकापर्यंत फिरवून सोडली तर बहुतेक लेन्स त्याच्याही थोड्या पुढे जातात.

एका पहाटेचा क्रम

सूर्योदयाच्या पाऊण तास आधी शिखरे निळसर, सपाट आणि जवळ आल्यासारखी दिसतात. या वेळी ट्रायपॉडवर, लेन्समधली थरथर रोखणारी यंत्रणा बंद करून, दोन सेकंदांच्या टायमरने काही सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे. खालच्या दरीत गावातले दिवे लागलेले असतील तर त्यांना चौकटीत अवश्य घ्यावे. मग पश्चिमेकडे वळून पाहावे: क्षितिजालगत पृथ्वीच्या सावलीचा निळा-करडा पट्टा आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा दिसतो. संदकफूला एव्हरेस्ट साधारण याच बाजूला येत असल्यामुळे त्या गुलाबी पार्श्वभूमीवर ते टिपता येते.

पहिला प्रकाश सर्वांत उंच टोकावर ठिपक्यासारखा पडतो आणि झपाट्याने खाली सरकतो. सूर्यकिरण वातावरणाच्या लांब थरातून तिरपे येत असल्यामुळे निळा रंग वाटेतच विखुरला जातो आणि लाल उरतो. इथे एक फसगत होते. एकत्रित हिस्टोग्राम व्यवस्थित दिसतो, पण लाल रंगाचा स्वतंत्र आलेख उजव्या भिंतीला टेकलेला असतो, आणि घरी आल्यावर शिखराचे टोक तपशिलाविना सपाट नारिंगी झालेले आढळते. म्हणून तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू ठेवावा आणि या काही मिनिटांत एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमीच ठेवावे. प्रकाश खाली उतरेल तसतसे दर मिनिटाला मोजमाप तपासावे. आधी लांब लेन्सने एकेक शिखर घ्यावे, मग रंग सोनेरी झाल्यावर रुंद चौकट.

पाऊण-एक तासात ऊन पांढरे होते. डोंगरउतार तापू लागले की दरीतली हवा हलायला लागते आणि लांब लेन्समधले फोटो पाण्यातून पाहिल्यासारखे थरथरतात. त्यावर कोणत्याही महागड्या लेन्सचा इलाज नाही. तेव्हा न्याहारी करावी. कॅमेरा उबदार खोलीत नेण्यापूर्वी थंड हवेतच हवाबंद पिशवीत ठेवावा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच बाहेर काढावा, नाहीतर बाष्प साचून लेन्सच्या आतही धुरकट थर येतो.

दुपारी बहुधा ढग चढतात. पण ढगांच्या फटीतून डोकावणारे शिखर हा वेगळाच विषय आहे. ढगाच्या वर, अपेक्षेपेक्षा खूप उंचावर अचानक कडा दिसतो आणि उंचीची जाणीव कोणत्याही निरभ्र फोटोपेक्षा जास्त होते. त्यासाठी कॅमेरा तयार ठेवून थांबून राहावे लागते.

रात्र आणि विस्तीर्ण दृश्य

कोजागरीच्या आसपासच्या रात्री आकाश निवळलेले असते आणि चांदण्यात बर्फ स्वतःहून उजळल्यासारखा दिसतो. आयएसओ ८०० ते १,६००, अ‍ॅपर्चर एफ/२.८ ते एफ/४ आणि दहा ते वीस सेकंद एवढे पुरते. ताऱ्यांचे ठिपके लांबट होऊ नयेत म्हणून ५०० या आकड्याला लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याने भागावे; येतील तितके सेकंद चालतात. २० मिलिमीटरला २५ सेकंद येतात, आणि जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला याहूनही कमी वेळ द्यावा. आकाशगंगेसाठी मात्र अमावस्येजवळची रात्र हवी.

संपूर्ण रांग एका चित्रात आणायची असेल तर रुंद लेन्स न लावता कॅमेरा उभा धरून ७० ते १०० मिलिमीटरने अनेक फोटो घ्यावेत आणि नंतर जोडावेत. प्रत्येक फोटोत मागच्याचा तिसरा हिस्सा यावा. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही कायम ठेवावेत. इटालियन छायाचित्रकार व्हित्तोरियो सेल्ला यांनी १८९९ मध्ये डग्लस फ्रेशफील्ड यांच्या मोहिमेबरोबर कांचनजंगाला वळसा घातला आणि १९०९ मध्ये के२ च्या (८,६११ मीटर) परिसरात काम केले, तेव्हा त्यांनी जड काचेच्या प्लेटांवर फोटो घेऊन विस्तीर्ण दृश्ये जोडली होती. त्यांचे काम आजही इतके समाधान देते, याचे श्रेय उपकरणांपेक्षा प्रकाशाची वाट पाहण्याच्या त्यांच्या सवयीला आहे असे मला वाटते.

परवानग्या आणि आचार

लडाखमधील नुब्रा, पँगाँग आणि सिक्कीमच्या उत्तर भागासाठी परवाने लागतात; नियम बदलत असल्यामुळे निघण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर खात्री करावी. सीमाभागात लष्करी ठाणी, पूल आणि वाहनतांडे यांचे फोटो घेऊ नयेत आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये. कांचनजंगा सिक्कीमच्या लोकांचे पूज्य दैवत आहे आणि नेपाळमधले माच्छापुच्छ्रे (६,९९३ मीटर) पावित्र्यामुळे गिर्यारोहणासाठी बंद आहे. ही भावना आपण फोटो काढतानाही जपावी. मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी भिंतींना उजवीकडे ठेवून वळसा घालावा, चांगल्या कोनासाठी प्रार्थनेच्या पताका सरकवू नयेत आणि माणसांचा फोटो विचारूनच घ्यावा.

घरी आल्यावर

मुक्कामावरच रोज रात्री फाइल दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवाव्यात. संपादन करताना ‘डीहेझ’ची (धूसरपणा कमी करणारी) पट्टी थोडीच ओढावी, ती जास्त ओढली तर ज्या फिकेपणाने अंतर सांगितले तोच पुसला जातो आणि सगळ्या रांगा एकाच भिंतीवर चिकटवल्यासारख्या दिसतात. बर्फातल्या सावल्या निळसर असतात, कारण त्यांना उजेड आकाशाचा मिळतो. त्या करड्या करण्याच्या मागे लागू नये, फक्त निळा रंग भडक झाला असेल तर किंचित उतरवावा. दुसरीकडचे आकाश आणून बसवू नये.

मोठा प्रिंट काढायचा असेल तर चकचकीत कागदाऐवजी मॅट कागद घ्यावा, म्हणजे बर्फातले फिकट तपशील दिव्याच्या प्रतिबिंबात हरवत नाहीत. आणि पूर्ण आकाराचा खर्च करण्यापूर्वी शिखराच्या सर्वांत उजळ भागाचा एक लहान तुकडा छापून पाहावा. फाइलच्या नोंदीत शिखराचे नाव, आपली जागा, दिशा, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. शिखराच्या नावाची खात्री नसेल तर पीकफाइंडरसारख्या अ‍ॅपवर त्या जागेवरून दिसणारी रूपरेषा फोटोशी ताडून पाहावी आणि मगच नाव लिहावे.